उतारा त्र्याऐंशी

भूपालअण्णा मगदूम हल्ली सकाळी उठायचे तेच दमलेले. झोप पुरी झालेली असायची, दुखत-खुपतही काही नसायचं, तरी खाटेवरून पाय खाली सोडताना वाटायचं, आता परत तेच. एकसष्ट वर्षांपैकी पंचेचाळीस त्यांनी सायकलवर काढली होती. तरुणपणी लांबलांबच्या शर्यती मारल्या, मग पोरं शिकवली, पुढे शिकायला पोरं मिळेनात म्हणून पंक्चरंही काढली. आणि आता, ओसरीत बसून पेपर वाचायच्या वयात, त्यांच्या दारात रांग लागली होती. जे तिशीत मागितलं ते साठीत मिळालं, आणि मिळालं तेव्हा भूक मेलेली होती.

कसबे डिग्रजच्या जुन्या गुळाच्या गोदामात चाळीस सायकली चार रांगांत स्टँडला जखडून उभ्या होत्या. पहाटे पाचपासून त्यांची चाकं गरागरा फिरायची आणि सायकल तसूभरही पुढे जायची नाही. अण्णा रांगांमधून फिरत, खांद्यावरच्या टॉवेलनं हँडलवरचा घाम पुसत आणि प्रत्येक सायकलसमोरच्या पाटीवरचा आकडा बघत.

हे सगळं सुरू झालं २०३६च्या उन्हाळ्यानंतर. पोलीस भरतीच्या मैदानांवर त्या वर्षी इतकी पोरं कोसळली की उघड्यावर धावण्याची चाचणी घ्यायचीच नाही, असं ठरलं. पण पळता येतं की नाही हे बघितल्याशिवाय पोलीस घ्यायचा कसा? उत्तर मिरजेच्या एका प्रयोगशाळेतून आलं. डॉक्टर इरावती सोहोनी नावाच्या बाईंनी बोटभर रुंदीची एक पट्टी तयार केली. पोटरीला टाचेशी बांधणारी जी दोरीसारखी जाड शीर असते, तिच्यावर ती चिकटवायची आणि सायकल मारायची. पेडल खाली गेलं की पट्टी पोटरीला विजेचा बारीक झटका देई. पाऊल जमिनीवर पडल्यावर स्नायू जसा आवळतो, तसा तो सायकलवर बसल्याबसल्या आवळायचा. शिवाय पट्टी आवाजाच्या लहरींनी त्या शिरेचा ताठपणा मोजायची, हृदयाचे ठोके मोजायची आणि बारा मिनिटांनी सांगायची, हा माणूस आठशे मीटर किती वेळात पळेल आणि शंभर मीटर किती सेकंदांत. सायकलवरच्या कसरतीतलं पळण्यात किती उतरतं, त्याची टक्केवारीही शेवटी यायची.

बाईंनी त्या टक्केवारीला पुस्तकी नाव दिलं होतं. ते कुणाच्याच तोंडात बसलं नाही. हा ऊसवाल्यांचा मुलूख. टनामागं साखर किती पडली हे सांगणाऱ्या आकड्याला इथं उतारा म्हणतात, तसाच हाही उतारा झाला. पंचावन्न-साठ उतारा म्हणजे बरा, सत्तर म्हणजे नोकरी पक्की. मुलींच्या लग्नाच्या बायोडेटात उंची आणि रंगाखाली उतारा छापायला सुरुवात झाली, तेव्हा अण्णा पहिल्यांदा आणि शेवटचे मोठ्यानं हसले होते.

दुसऱ्या रांगेतली पहिली सायकल त्यांच्या मुलीची, त्रिशलाची. तिनं बारा मिनिटं संपवली, पाटीवर आकडा उमटला आणि मागच्या पोरी चाकं थांबवून बघायला लागल्या.

त्र्याऐंशी. अख्ख्या तालुक्यात एवढा उतारा कुणाचा निघाला नव्हता.

"अण्णा, आठशे मीटर दोन सेहेचाळीस दाखवतंय," त्रिशला कपाळ पुसत म्हणाली. तिचा श्वास तेवढ्यात जागेवर आला होता. "तीन दहाच्या आत पाहिजे. चोवीस सेकंद हातात आहेत."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. त्यांना आनंद झाला होता, पण तो चेहऱ्यापर्यंत यायला हल्ली वेळ लागायचा.

त्रिशलाला सत्तावीस वर्षं आणि दहा महिने झाले होते. एका वर्षी जागाच निघाल्या नव्हत्या, दुसऱ्या वर्षी ऐन चाचणीत टायफॉइड झाला. पंधरा दिवसांनी होणारी भरती ही शेवटची. त्यानंतर वय उलटणार आणि खाकी कपडे फक्त दुसऱ्याच्या अंगावर बघायचे. हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, तरी जेवताना ते चौथ्या पानावर येऊन बसायचं.

त्याच दिवशी आठच्या सुमाराला गोदामाच्या दारात रिक्षा थांबली आणि मंदा सुतार कुबड्या टेकत आत आली. शेजारच्या तुंगची पोर. आठ महिन्यांपूर्वी याच गोदामातून एकोणऐंशी उतारा घेऊन भरती झाली, तेव्हा तिनं गावभर पेढे वाटले होते. आता उजवा पाय गुडघ्यापासून खाली प्लास्टरमध्ये होता.

"अगं, काय हे? बस, बस," अण्णांनी स्टूल ओढलं.

"आता बसायचंच काम हाय, अण्णा," मंदा हसली. "ट्रेनिंग उशिरा लागलं, तिसऱ्या आठवड्यात मोडला. पडले न्हाई, कुणी धडकलं न्हाई. परेडवरनं पळत परत येत हुते, आतून काडी मोडल्यागत आवाज आला. मी दमले बी नव्हते. त्याचंच हसू येतंय बगा. छाती म्हणती चल की पुढं, आनि पाय खाली राह्यला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, खात जा. दूध पीत जा." तिनं कुबडी भिंतीला लावली. "एकली मी असते तर पटलं असतं. आमच्या तुकडीत चौघी हायेत अशा. चौघींचा उतारा पंच्याहत्तरच्या वर. ज्यांचा साठ हुता त्या हिंडत्यात खुशाल."

"आधीच्या तुकड्यांत असं कुणाचं ऐकलं न्हाई गं."

"त्या पळायच्या की हो आधी! रोज पहाटं कालव्यावर. आमी कशाला पळतोय? परीक्षा छपराखाली, सायकलवर. मग उन्हात मरायला कोन जातंय?"

मंदा सहज बोलून गेली. तिला कुणावर राग काढायचा नव्हता, नुसतं भेटायचं होतं. अण्णांच्या हातातला टॉवेल मात्र तसाच राहिला. कालव्यावर. सहा वर्षांत त्यांनी हा शब्द मनात येऊ दिला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी सोहोनीबाई पट्टीच्या प्रयोगासाठी माणसं शोधत आल्या होत्या. त्यांना तीन प्रकारची पोरं हवी होती: नुसती पळणारी, दोन्ही करणारी आणि नुसती सायकल मारणारी, जी कधी पळत नाहीत. शेवटची चाळीस अण्णांनी द्यायची होती. भरतीसाठी दम वाढवायला अण्णांकडे तेव्हा चाळीस पोरं यायला लागली होती. बाईंनी फॉर्म ठेवले आणि म्हणाल्या, उद्या सकाळी घेऊन जाते. अण्णांनी पहाटे पोरांना निरोप धाडला, तर एकही जागेवर नाही. सगळी कालव्याच्या रस्त्यावर पळायला गेलेली, भरतीची तयारी म्हणून. मग अण्णांनी स्वतःच चष्मा लावून चाळीस फॉर्म भरले. त्यात एक रकाना होता: 'यापूर्वी धावण्याचा सराव?' अण्णांनी चाळीस वेळा लिहिलं, नाही. पोरं पळायला गेलीत म्हणून त्यांचे फॉर्म आपण भरतोय, आणि लिहितोय की ती पळत नाहीत, हे त्या क्षणी त्यांना खोटं वाटलंच नव्हतं. त्यांच्या लेखी पळणं म्हणजे मैदानावर, शिट्टीवर, घड्याळ लावून. पहाटे कालव्यावर चार-पाच किलोमीटर जाऊन येणं हे गावाकडचं हिंडणं.

प्रयोगाच्या अखेरीस ती चाळीस पोरं मैदानावर पळाली आणि बाई थक्क झाल्या. कधीही न पळालेली पोरं, सायकल आणि पट्टीच्या जोरावर, पळणाऱ्यांच्या तोडीस तोड! सगळं गणित त्या चाळीस जणांवर उभं राहिलं.

मंदा येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत अण्णा सायकल मारत मिरजेला गेले.

सोहोनीबाई पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर नडगीच्या हाडांचे फोटो होते, आणि प्रत्येकात केसाएवढी काळी रेघ.

"चार महिन्यांपासून येतायत," त्या म्हणाल्या. "एकवीस झाले. भूपालराव, माझं गणित कुठे चुकतंय ते मला सापडत नाहीये."

"मला जरा समजावून सांगा बाई. सायकलचं पळण्यात नक्की काय उतरतं?"

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. "हृदय उतरतं. जवळजवळ सगळं. पाय पेडलवर आहेत की रस्त्यावर, हे हृदयाला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की रक्त मागितलंय. फुप्फुसंही तशीच. मांड्यांची ताकदही बरीचशी उतरते. पण पळणं म्हणजे नुसती ताकद नाही. पळताना पाऊल आपटतं. अडीच-तीन माणसांचं वजन एका नडगीतून वर जातं, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. टाचेची शीर तेवढ्यात स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि आपल्याला पुढे फेकते. शंभर मीटरचं तर सगळं यश त्या स्प्रिंगमध्ये आहे. सायकलवर पाऊल पडतच नाही हो, नुसतं गोल फिरतं. आणि हाडाचं म्हणाल तर हाड धक्क्यानंच जाड होतं. धक्का नाही, तर हाडाला वाटतं, आपलं काही काम नाही. जन्मभर सायकल मारणाऱ्यांची हाडं पोकळ व्हायला लागतात."

"मग पट्टी?"

"पट्टीच्या झटक्यांनी शीर आणि हाड दोन्ही तयार होतात असं तुमच्या चाळीस मुलांवरून दिसलं. त्यांची हाडंही मी मोजली होती. दणकट होती. कधीच न पळता इतकी दणकट! म्हणून तर मी म्हटलं..." बाई थांबल्या. अण्णा मान खाली घालून बसले होते.

"पळायची ती," अण्णा म्हणाले. "रोज. चाळीसच्या चाळीस. फॉर्म मी भरले हुते."

बाई रागावल्या असत्या तर अण्णांना हलकं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"का लिहिलंत असं?"

"खरं सांगू? तवा मला ते पळणं वाटलंच न्हाई." अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल मांडीवर घेतला. "आनि वाटू द्यायचं बी नव्हतं. उभा जन्म लोक म्हणत आले, सायकलनं काय हुतंय, मांड्या सुजतात नुसत्या. तालमीतली हसली, कबड्डीवाली हसली. पयल्यांदा कुणीतरी शिकलेलं मानूस माझ्या दारात येऊन इचारत हुतं, सायकलीत किती दम हाय. मला वाटलं, एकदा तरी सायकल जिंकू दे."

बाईंनी पडद्यावरचे फोटो एकेक करून पुढे सरकवले. मग म्हणाल्या, "म्हणजे कालव्यानं जे केलं ते मी पट्टीच्या नावावर लिहिलं. आणि पट्टीवर विसंबून लोकांनी कालवा सोडला. म्हणून आता मोडतायत." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण खचला होता.

"मी लिहून देतो सगळं. भरती थांबवा."

"तुमच्या लेखी कबुलीनं समिती थांबणार नाही. म्हणतील, म्हाताऱ्याला आता आठवलं. ती चाळीस मुलं आज वर्दीत आहेत, आम्ही पळायचो असं कोण सांगेल? मोडलेल्या पायांचं तर त्यांनी ठरवूनच टाकलंय, पोरींचं खाणं कमी. मला एक असा देह पाहिजे ज्याचा उतारा मोठा आहे आणि जो खरोखर कधीच पळालेला नाही. त्याला जमिनीवर पळवायचं, वेळ नोंदवायची आणि हाडं मोजायची. एक जरी मिळाला तरी भरती थांबवायला भाग पाडते, पुढचं सगळं माझ्याकडे." त्या थकल्यासारखं हसल्या. "पण इथे कोण असं सापडणार? एसटीमागे तरी प्रत्येकजण पळालेला असतो. आणि सापडलं तरी ते कशाला येईल? जमिनीवरची वेळ नोंदवली की यंत्राचा अंदाज कायमचा रद्द होतो. नियम माझाच आहे."

अण्णा उठले. परतीच्या वाटेवर नदीच्या पुलावर ते सायकलवरून उतरले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. असा देह कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. रोज त्यांच्या समोर बसून जेवायचा तो.

चार दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. गोदामात जात, टॉवेल फिरवत आणि त्रिशलाच्या पाटीकडे बघायचं टाळत. शेवटी त्यांच्या बायकोनं, विमलनं, भाकरी थापता थापता विषय काढला. "काय मनात गिळून बसलाय तुम्ही? सांगा तरी."

अण्णांनी शेगडीपाशी बसून सगळं सांगितलं. विमलच्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

"पोरगी नऊ वर्षांची हुती," ती म्हणाली. "शाळेत पळायच्या शर्यतीत पडली, गुडघा फुटला. तुम्ही तिला उचलून आणलं आनि वर धपाटा घातला. म्हणाला, गुडघा म्हंजे सायकलवाल्याचं इंजिन, परत पळताना दिसलीस तर बघ. तवापासनं पळाली न्हाई ती. पावसात बी पळत घरात आली न्हाई कधी. चालत यायची, भिजत."

"मला ठाऊक हाय."

"मग आता काय सांगनार तिला? पळ म्हणून?"

"न्हाई सांगनार. तिची परीक्षा हुदे. मग मी..."

"मग तिसऱ्या आठवड्यात मंदासारखी येऊ दे घरी. असंच ना?"

दार उघडं होतं आणि उंबऱ्यात त्रिशला उभी होती. कधीपासून, कुणी विचारलं नाही. तिनं आत येऊन करपलेली भाकरी काढली, गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून बसली.

"माझाही मोडणार?"

अण्णांनी होय म्हणून मान हलवली. "तुझा सगळ्यांत आधी. मंदा ल्हानपनी तरी पळाली असंल."

"आणि मी जमिनीवर पळून दाखवलं तर?"

"त्र्याऐंशी जातंय. भरती पुढं ढकलतील. तोवर तुझं वय..."

"म्हणजे न पळाले तर पाय मोडतो आणि पळाले तर नोकरी." त्रिशलाचा आवाज चढला. "अठरा वर्षं तुम्ही म्हणाल तेवढं पेडल मारलं, अण्णा! मैत्रिणी लंगडी खेळायच्या तेव्हा मी सायकल पुसायचे. एकदा तरी मला विचारलंत, तुला पळावंसं वाटतं का म्हणून? आणि ती चाळीस पोरं रोज पळत होती तर तुम्हाला ते दिसलं नाही. मी एकदा पळाले ते मात्र बरोबर दिसलं!"

चूक झाली असं अण्णांनी म्हणावं, तर शब्द फार तोकडा होता. त्रिशला उठून आत गेली. जेवायला कुणीच बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गोदामात आली नाही. दुपारी विमलनं सांगितलं, तुंगला गेलीय मंदाकडे. दिवस मावळताना ती परत आली तेव्हा तिच्या सायकलच्या हँडलला एक पिशवी होती. पिशवीत पळायचे बूट होते, मंदाचे. त्रिशलाकडे पळायचे बूट कधी नव्हतेच. होते ते पेडलमध्ये अडकणारे, लोखंडी तळाचे; ते घालून दहा पावलंही धड चालता येत नाही.

"एक नंबर मोठे आहेत," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "पुढं कापूस घालते. मंदाच्या तुकडीतल्या अजून तिघी अ‍ॅडमिट आहेत. आता सात झाल्यात. अण्णा, तुमच्या बाईंना फोन करा."

"त्रिशला, मी तुला पळ म्हटलेलं न्हाई."

"तुम्ही नाही म्हटलेलं. मीच म्हणतेय. एवढं तरी माझं मला ठरवू द्या."

भरतीला आठ दिवस होते, तेव्हा पहाटे साडेपाचला सोहोनीबाई कालव्यावर आल्या. सोबत हाडं मोजायचं सुटकेसएवढं यंत्र होतं. त्यांनी त्रिशलाच्या नडग्या आणि खुबे तपासले, आकडे बघितले आणि यंत्र पुन्हा एकदा लावून बघितलं. मग म्हणाल्या, "एका आठशे मीटरनं काही मोडत नाही. रोज रोज झालं की मोडतं. पण दुखलं तर लगेच थांबायचं. कळलं?"

अण्णांनी आदल्या दिवशी फीत लावून अंतर मोजलं होतं आणि दोन्ही टोकांना चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. रस्ता रिकामा होता. सहा वर्षांपूर्वी या वेळेला इथं पोरांची जत्रा असायची. आता झुडपं वाढून रस्ता अरुंद झाला होता. अण्णा एका हातात घड्याळ घेऊन सायकलवर बसले, तिच्या बाजूनं जायला. बाईंनी हात खाली केला आणि त्यांनी बटण दाबलं.

पहिले दोनशे मीटर त्रिशला खरंच छान पळाली. अण्णांच्या छातीत काहीतरी उसळलं, आणि लाज वाटली तरी ते खाली बसेना. कदाचित पट्टी खरी असेल. कदाचित बाईंचंच चुकत असेल. मग पावलांचा आवाज आला. ओला कपडा दगडावर आपटावा तसा, फट्, फट्. पाऊल पडत होतं, पण जमीन तिला परत वर देत नव्हती. चारशेला तिचे खांदे आवळले. पाचशेला पोटऱ्या आखडल्या आणि ती टाचांवर पळू लागली. चेहरा मात्र शांत होता, तोंड मिटलेलं होतं, श्वासाला धाप नव्हती. त्या छातीत अजून दोन किलोमीटर शिल्लक होते, आणि पाय संपले होते.

सातशेला ती जवळजवळ थांबली. अण्णांच्या ओठांवर 'बस कर' आलं होतं. ते बोलायच्या आत ती पुन्हा निघाली आणि लंगडत, कापूस घातलेले बूट ओढत रेघेवरून गेली.

तीन चौतीस. पात्रतेच्या वर चोवीस सेकंद. जेवढे हातात होते म्हणत होती, तेवढेच उलटे.

त्रिशला कालव्याच्या काठावर बसली. तिनं बूट काढले. दोन्ही टाचांना फोड आले होते. अर्ध्या तासानं तिनं शंभर मीटरही पळायचं म्हटलं. बाई नको म्हणाल्या, तरी ती उठली. यंत्र म्हणत होतं पंधरा सेकंद, लागले एकोणीस.

बाईंनी फॉर्म काढला. सहा वर्षांपूर्वीचाच छापील कागद, तीच रचना. "हे मार्गदर्शकानं भरायचं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "तुमची इच्छा असेल तरच. अजूनही फाडता येतो."

अण्णांनी त्रिशलाकडे पाहिलं. ती पोटऱ्या दाबत पाण्याकडे बघत होती. त्यांनी सायकलच्या सीटवर कागद ठेवला आणि चष्मा लावला. नाव, वय, उतारा, प्रत्यक्ष वेळ. मग तो रकाना आला: 'यापूर्वी धावण्याचा सराव?'

चाळीस वेळा हा शब्द लिहिताना त्यांचा हात अडला नव्हता. आज तो शब्द पहिल्यांदा खरा होता आणि पेन पुढे जात नव्हतं. दोन अक्षरं. मुलीची नोकरी त्या दोन अक्षरांत होती, तिचं सगळं लहानपणही त्यातच होतं. अण्णांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि लिहिलं, नाही. खाली सही केली.

त्रिशला अनवाणी चालत आली आणि कागदावर वाकून बघू लागली. तिनं तो रकाना वाचला.

"अक्षर चांगलं काढलंत, अण्णा," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग होता की नव्हता, हे अण्णांना कळलं नाही. बाईंनी कागद पिशवीत घातला, यंत्र उचललं आणि गाडीकडे गेल्या.

"हाड भरायला किती दिवस लागतात?" त्रिशलानं विचारलं.

"बाई म्हणत हुत्या, दीड-दोन वर्षं. रोज थोडं थोडं पळालं तर."

"तोवर मी तिशीला आले." तिनं वाकून बुटांतला कापूस काढून टाकला. "असू दे. पोलीस नाही, तर नाही. पण पाय माझे आहेत."

ऊन वर आलं होतं. अण्णांनी सायकल तिच्यापुढे केली. "बस पाठीमागं. नेतो घरापर्यंत. तुला चालू देणार न्हाई."

त्रिशलानं नको म्हणून मान हलवली. बूट हातात धरले आणि कालव्याच्या कडेनं एकेक पाऊल टाकत ती निघाली. फोड आलेल्या टाचांखाली खडी टोचत असणार, पण तिनं वाट बदलली नाही. अण्णांनी सायकलवर टांग टाकायला पाय उचलला आणि परत खाली ठेवला. मग हँडल धरून, सायकल हातानं ढकलत, ते तिच्या मागं मागं घरापर्यंत चालत गेले.